यादीतली नावं

१२ जानेवारी २००३, रविवार

सना आज नऊ वर्षांची झाली. केक कापल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने आधी आमच्या हातांकडे बघितलं, मग हसली. दोन्ही कानांत मशीन आहे, तरी टाळ्या तिला बघूनच कळतात.

सगळे गेल्यावर समोरच्या ब्लॉकमधली शर्माबाई मागे थांबली. तिच्या तीन वर्षांच्या मुलाला ऐकू येत नसावं असा तिला संशय. काय विचारायचं तेच तिला कळेना, म्हणून मीच सुरू केलं. आधी तपासणी कुठं, कुठल्या वारी, कितीला रांग लावायची. मग अपंगत्वाचं प्रमाणपत्र. मग सरकारी मशीन कुठं मिळतं. मग शाळा. चाळीस मिनिटं बोलले. ती केकच्या खोक्याच्या झाकणावर लिहीत होती. झाकण भरलं.

वसुधाताई कोपऱ्यात चहा पीत ऐकत होत्या. लक्ष्मीबाई नगरात मुलीच्या क्वार्टरमध्ये राहतात. बत्तीस वर्षं इथं दिल्लीत, केंद्राच्या मंत्रालयात काढून गेल्या वर्षी निवृत्त. इतकी वर्षं फायली बघितल्या, त्यामुळे त्या कुठलीच गोष्ट अर्धी ऐकत नाहीत. शर्माबाई गेल्यावर म्हणाल्या, "हे सगळं तू कुठं लिहून ठेवलंयस?"

कुठंच नाही, म्हटलं.

"म्हणजे उद्या तू बसखाली आलीस की संपलं."

१४ जाने., मंगळवार

धुकं. आर. के. पुरमहून सुटलेली चार्टर्ड बस धौला कुआँच्या पुढे तासभर उभी. गुडगावला पोचायला अकरा. ऑफिसची नवी काचेची इमारत धुक्यात दिसतच नव्हती.

माझं काम टेस्टिंगचं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची स्क्रीन आहे. ती माणसाला तीन-चार प्रश्न विचारते आणि कुठला फॉर्म भरायचा, कुठं पाठवायचा ते सांगते. चार महिने मी तेच तपासतेय. आज पहिल्यांदा मनात आलं की त्यांच्या गाडीवरच्या ओरखड्यासाठी एवढी सोय आहे, आणि इथं ऐकू न येणाऱ्या पोराच्या आईसाठी केकचं झाकण.

सनाच्या वेळी दोन वर्षं गेली. त्यातलं पहिलं नुसतं चुकीच्या रांगांत. मला कुणी तीन प्रश्न विचारून एक पत्ता सांगितला असता, तर ती चौथ्या वर्षी ऐकायला लागली असती, सहाव्या नाही.

राग अजून गेलेला नाही. बरंच आहे.

१९ जाने., रविवार

ऑफिसने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये आहेच. दिवसभर बसून यादी टाकली. व.ताई शेजारी, मांडीवर वही. माझ्या स्तंभांत ठिकाण, वार, वेळ, कागद, बस असं होतं. त्यांनी अजून दोन घालायला लावले. एक 'सांगतात', एक 'पाहिलं'. आपल्यापैकी कुणी स्वतः त्या खिडकीशी उभं राहून आलं तरच 'पाहिलं'मध्ये तारीख टाकायची. बाकी सगळं 'सांगतात'.

भरून बघितलं. माझं जवळजवळ सगळं ज्ञान 'सांगतात'मध्ये गेलं. तीन वर्षांपूर्वीचं आहे ना.

व.ताई म्हणाल्या, माझ्याकडे बसचा पास आहे आणि दिवस रिकामे आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

व.ताईंची पहिली फेरी झाली. मोठ्या सरकारी रुग्णालयातली कानाची खोली तळमजल्यावरून तिसऱ्यावर गेलीय, लिफ्ट फक्त स्टाफला. प्रमाणपत्राचं बोर्ड बुधवारी बसत नाही, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी बसतं. खिडकीवर रेशनकार्ड मागतात, पण मतदार ओळखपत्रही चालतं. चालत नाही असं सांगतात, मग नियम दाखवा म्हटलं की चालतं. मी यादीत लिहिलं: 'हट्ट केल्यास चालते.' एका शाळेच्या पत्त्यावर लग्नाचा हॉल निघाला. पुसली.

स्क्रीन तयार. मुलाचं वय, राहण्याचं ठिकाण, हातात कुठले कागद आहेत. तीन प्रश्न. खाली एकच उत्तर येतं: आधी इथं जा, अमुक वारी, हे सोबत घ्या. एकच. दहा पत्ते दिले की माणूस कुठंच जात नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

वेब पेजही केलं, हिंदीत. पण ज्या सायबर कॅफेत फाँट नाही तिथं नुसते चौकोन दिसतात. तेव्हा चिठ्ठी छापणंच खरं. जुना खडखडणारा प्रिंटर आहे. तो चालू झाला की सना त्याच्यावर तळहात ठेवून उभी राहते. छपाई संपल्याचं ती मला सांगते.

१६ फेब्रु., रविवार

घरचा नंबर सनाच्या शाळेत आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे लावून ठेवला. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ, रविवारी दुपारी. पहिले चार दिवस कुणी नाही. पाचव्या दिवसापासून थांबत नाही.

इकबाल म्हणतो, बायको असलीस तरी साडेआठनंतर फोन माझा. सातारला अम्मीला लावायचा असतो.

फोनवर हिंदी, ऑफिसात इंग्रजी, घरात सनासाठी हिंदी. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, मुलीला एकच भाषा द्या, दोन दिल्यात तर एकही येणार नाही. दिल्लीत राहायचं म्हणून हिंदी दिली. माझं सगळं शिक्षण पुण्यात, मराठी शाळेत. लिपी तीच, पण मुलीला माझ्या भाषेतलं एक वाक्य कळत नाही. ही वही तिने वाचली तरी तिला समजणार नाही. मराठी आता व.ताईंशी, थोडी इकबालशी, आणि इथं.

१६ मार्च, रविवार

फोन करणाऱ्यांची नावं ठेवायला लागलेय. नाव, गाव, शेजारचा नंबर, मुलाचं वय, किती ऐकू येतं. आठवड्याने आपणच फोन करायचा: गेलात का, काय झालं. त्यातून यादी दुरुस्त होते. परवा एका बापाने सांगितलं की तुम्ही दिलेल्या वेळेला खोलीला कुलूप होतं. रडवेला झाला होता. पलवलहून सुट्टी काढून आला होता. मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी व.ताई जाऊन तासभर कुलपासमोर बसल्या आणि नवी वेळ घेऊन आल्या.

५ एप्रिल, शनिवार

मल्होत्रा नावाचे गृहस्थ आले. कानाच्या मशिनांची तीन दुकानं, शिवाय हरियाणात फिरते विक्रेते. सोबत मिठाईचा खोका. फार चांगलं बोलले. आमच्या यादीबद्दल दोन-तीन पालकांकडून ऐकलं म्हणे. नवा कॉम्प्युटर देतो, वेगळी फोन लाइन देतो, दुकानावरची खोली देतो, घरात कशाला त्रास. बदल्यात काय, विचारलं. काही नाही, फक्त कुटुंबांची नावं-नंबर शेअर करा, आम्ही त्यांची सेवा करू.

विचार करून सांगते, म्हटलं.

इकबालला पटलं. त्याचंही खोटं नाही. हॉलमध्ये रोज कुणी ना कुणी बसलेलं असतं, त्याला बनियनवर फिरता येत नाही. म्हणाला, तुझं काम मोठं होईल आणि घर घरासारखं राहील, यात वाईट काय?

मला वाईट काही सापडलं नाही. तरी हो म्हणवेना.

८ एप्रिल, मंगळवार

पानिपतहून फोन. एसटीडी बूथवरून. कमला, कारखान्यात कामाला. मुलगी चार वर्षांची, पिंकी. मशीन आहे, पण लावलं की किंचाळते, उपटून फेकते. घरचे म्हणतात पोरीवर काहीतरी आहे, झाडफूक करा. दिल्लीला या म्हटलं, तर म्हणाली खाडा झाला की कामावरून काढतील, दुसऱ्या दहाजणी फाटकाशी उभ्या आहेत.

व.ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आपण जाऊ. रविवारी.

१३ एप्रिल, रविवार

सकाळच्या गाडीने निघालो. इकबाल स्टेशनवर सोडायला आला होता. व.ताई त्याला म्हणाल्या, "बघा, पुन्हा मराठी माणसं पानिपतला निघाली." तो म्हणाला, "या वेळी परत या म्हणजे झालं."

कमला ज्या कारखान्यात काम करते तिथं परदेशातून आलेले जुने कोट-स्वेटर फाडून त्यांचं सूत करतात. ती दिवसभर जमिनीवर बसून बटणं आणि चेन कापते. रविवारी अर्धा दिवस. फाटकाबाहेर आली तेव्हा केसांत, भुवयांत लोकरीचे तंतू होते.

पिंकीचा कान बघितला. भोकाशी लाल, चिघळलेलं. कानाच्या मापाचा साचा केलेलाच नाही, नुसतं रबरी टोक कोंबलेलं. आवाज पूर्ण मोठ्यावर. सनाला असं लावलं असतं तर तीही किंचाळली असती. कुणीही किंचाळेल.

तपासणी कुठं केली, विचारलं. केलीच नाही. दिवाळीच्या आधी धर्मशाळेत फुकट शिबिर होतं. तिथं रजिस्टरमध्ये नाव-पत्ता घेतला. आठवड्याने एक माणूस तोच पत्ता शोधत घरी आला, मशीन विकून गेला. त्यासाठी काय काय विकलं ते कमलाने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

तिने पावती जपून ठेवली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. वर दुकानाचं नाव छापलेलं. मल्होत्रांचं.

परतीची गाडी धरली. सोनीपतच्या आसपास व.ताई म्हणाल्या, "तुझी यादी आणि त्यांचं रजिस्टर यात फरक काय आहे, नसीम? नावं तीच, पत्ते तेच. कुणाच्या हातात आहे एवढाच."

१५ एप्रिल, मंगळवार

मल्होत्रांना फोन करून नाही सांगितलं. कारणही सांगितलं, पावतीसकट. ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, विक्रेत्यांकडून कधी चूक होते, बदलून देऊ. मग म्हणाले, "मॅडम, लिस्ट तो आज नहीं तो कल कोई ले ही लेगा."

मी म्हटलं, "माझ्याकडून नाही. त्यातलं एक नाव मिळणार नाही."

मग त्यांनी विचारलं, क्वार्टर सरकारी आहे ना तुमचं? अगदी सहज, तब्येत विचारावी तसं.

इकबालला हे शेवटचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

कमला आली, खाडा करून. पिंकीची तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन डोक्याला तारा लावतात आणि मेंदूपर्यंत आवाज पोचतो का बघतात, ती. मी रजा टाकली होती.

निकाल चांगला नाही. अगदी थोडं ऐकू येतं. नवं मशीन, मापाचा साचा हे सगळं मिळेल, पण त्याने ती बोलायला लागेल असं नाही. डॉक्टर चांगली होती, तिने नीट समजावलं. खुणांची भाषा शिकवणारी शाळा बघा, जितक्या लवकर तितकं बरं.

कमला बाकावर बसली. मला वाटलं आता ही कोसळणार. मी कोसळले होते, याच इमारतीत. ती बराच वेळ पिंकीच्या केसांतली लोकर काढत राहिली. मग म्हणाली, "इतने दिन उसी को मारती रही कि मशीन क्यों निकालती है."

आणि थोड्या वेळाने: "हाथ से बोलेगी तो हाथ से सही. मैं भी सीख लूँगी. कहाँ सिखाते हैं, वो पर्ची निकाल दो."

पानिपतसाठी यादीत काहीच नाही. रिकामी ओळ. सर्वांत जवळचं दिल्लीत. तेच छापून दिलं, पण लाज वाटली.

५ मे, सोमवार

इकबाल ऑफिसातून लवकर आला. हातात बंद पाकीट. क्वार्टर वाटणाऱ्या ऑफिसकडून, त्याच्या खात्यामार्फत. निनावी तक्रार आलीय: या क्वार्टरमधून व्यवसाय चालतो, अनोळखी माणसांची सतत ये-जा असते, त्यांची ओळख पटवलेली नाही. खुलासा द्या, अन्यथा वाटप रद्द का करू नये.

कुणी केली याचा पुरावा नाही. तेव्हा मल्होत्रांचं शेवटचं वाक्य सांगितलं. तीन आठवडे माहीत होतं तुला, म्हणाला.

चूक माझीच.

६ मे

त्याच्या सेक्शनमधल्यांचा सल्ला: दोन ओळी लिहून द्या, पत्नी हौस म्हणून मदत करत होती, आता बंद केलं आहे. फाइल मिटेल.

तो म्हणाला, लिहून टाकतो. मी म्हटलं, बंद केलेलं नाही. तो म्हणाला, मग कर. सनाला जे मिळवायचं होतं ते मिळालं ना? मी म्हटलं, तुला फक्त सना दिसते. तो म्हणाला, "हो. मला सना दिसते. तिची शाळा इथून दहा मिनिटांवर आहे. क्वार्टर गेलं तर कुठं जायचं, नोएडाच्या पुढे? आणि माझं नाव वाचून त्या फायलीवर कुणी काय शेरा मारेल याचा विचार केलायस? 'अनोळखी माणसं', 'ओळख पटवलेली नाही'. हे शब्द शर्माच्या घराबद्दल कुणी लिहिले असते?"

आम्ही मराठीत भांडत होतो. सना एकदा त्याच्या ओठांकडे बघायची, एकदा माझ्या. काही कळेना तेव्हा आपली मशिनं काढून टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत गेली.

९ मे, शुक्रवार

तीन दिवस कामापुरतं बोलणं.

आज बस बंद पडली, घरी यायला आठ वाजून गेले. इकबाल कॉम्प्युटरसमोर बसलेला, फोन कानाला. मी दारातच थांबले. तो कुणाला तरी विचारत होता, मूल किती वर्षांचं. राहता कुठं. कागद काय आहेत. मग स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, सावकाश, दोनदा.

फोन ठेवून म्हणाला, तू नव्हतीस, सारखा वाजत होता. पहिल्या माणसाला मी सांगितलं, मला माहीत नाही, नंतर करा. तो म्हणाला, सब यही कहते हैं, आणि ठेवून दिला. त्याचा नंबर कळला नाही. परत केलाच नाही त्याने. म्हणून पुढचे घेतले.

जेवताना म्हणाला, मी वाकडं बोललो नव्हतो, मी घाबरलो होतो. अजून घाबरलेलोच आहे. पण 'बंद केलं' असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल.

मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते. सनाने विचारलं, अम्मी क्यों रो रही है. तो म्हणाला, मिर्ची.

११ मे, रविवार

व.ताईंना बोलावलं. माझं म्हणणं मांडलं: इकबालला सेक्शनमधून कळलंय, क्वार्टरच्या तपासणीला माणसं येणार, रजिस्टर मागणार. आज हे मागतील, उद्या अजून कुणी. आपल्याकडे नावं असली तर ती कधी ना कधी जातील. तेव्हा असू नयेत.

व.ताई विरोधात. मग पोराला मशीन मिळालं की नाही, हे कसं कळणार? यादी दुरुस्त कशी होणार? बरोबर आहे त्यांचं. आपण आंधळे होऊ, म्हणाल्या. होऊ थोडे. लोक स्वतःहून कळवतील तेवढंच कळेल.

तासभर वाद घातला. शेवटी त्याच म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी कागद जपले. जाळायचा सल्ला पहिल्यांदा देतेय."

दुपारभर तिघांनी आळीपाळीने फोन केले. आमचा नंबर लिहून घ्या, यापुढे आमच्याकडे तुमचा नसेल. बहुतेकांना कळलं. फरीदाबादची एक आई म्हणाली, हमारा रहने दो बेटी, हमें कोई डर नहीं. तिचंही पुसलं. एकेक नाव वाचून पुसलं. कुठल्या पोराची किती चौकशी केली होती, सगळं आठवत होतं. मग ऑफिसात जुन्या फायलींचं करतात तसं डिस्कवरूनही घालवलं, परत काढता येणार नाही असं.

यादी तेवढी राहिली. ठिकाण, वार, कागद, 'सांगतात', 'पाहिलं'.

१८ मे, रविवार

यादीच्या फ्लॉप्या केल्या. सनाची शाळा, शिकवणाऱ्या बाई, गुडगावच्या माझ्या टीममधली दोन मुलं, पलवलचे ते कुलूपवाले गृहस्थ. एक पानिपतला, कमलाच्या ओळखीच्या एसटीडी बूथवाल्याकडे. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे, लग्नपत्रिका छापतो. कमला स्वतः वाचू शकत नाही, पण तीन प्रश्न तिला पाठ आहेत. रविवारी अर्ध्या दिवसानंतर बूथवर बसते म्हणे. कारखान्यातल्या दोघींना तिने दिल्लीला पाठवलंही. त्यातल्या एकीने फोन करून सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरची खोली रंगकामासाठी बंद आहे. लगेच दुरुस्त केलं.

आता हा फोन कापला तरी यादी मरत नाही. हे मल्होत्रांना कळवावंसं वाटलं. कळवलं नाही.

२२ मे, गुरुवार

तपासणी. दोघंजण आले, एक साहेब आणि एक फाइल धरणारा. उकाडा भयंकर, कूलरचं पाणी संपलेलं. व.ताई आधीच येऊन बसल्या होत्या, नियमांचं पुस्तक पिशवीत. शर्माबाई न बोलावता आली, मुलाला कडेवर घेऊन. त्याच्या कानांत नवी मशिनं.

साहेब उद्धट नव्हते. फी घेता का? नाही. पाटी लावलीय का? नाही. येणाऱ्यांचं रजिस्टर? नाही. कॉम्प्युटरमध्ये नावं असतीलच.

"नाहीत," मी म्हटलं.

"मग आहे काय?"

दाखवलं. म्हटलं, तुम्हीच उत्तरं द्या. त्यांनी गंमत म्हणून पाच वर्षं, पालम, फक्त जन्मदाखला असं सांगितलं. प्रिंटर खडखडला, सनाने कागद फाडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. उभ्या उभ्या दोनदा वाचला. 'हट्ट केल्यास चालते' यावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

व.ताई म्हणाल्या, "खरं आहे ते. मी करून बघितलंय."

शर्माबाईला विचारलं, तुम्हाला या ये-जा करणाऱ्यांचा त्रास होतो का. ती म्हणाली, मीच त्यातली आहे, लिहून घ्या. नाव लिहा माझं. हवं तर सही घ्या.

त्यांनी लिहिलं नाही. चिठ्ठी मात्र घडी घालून फायलीत ठेवली, पुरावा म्हणून. आमच्या बाजूचा की विरुद्ध, ते सांगितलं नाही.

जाताना इकबालला बाजूला घेऊन म्हणाले, अहवाल मी सरळ लिहीन, पण वर काय होईल ते माझ्या हातात नाही. लेखी देऊन टाका, बंद केलं. सगळेच देतात.

२८ मे, बुधवार

आज एका वडिलांनी नुसतं हे सांगायला फोन केला की मुलाला शाळेत घेतलं. नाव सांगायला लागले. मी म्हटलं, नाव नको, कुठली शाळा आणि कुठल्या वारी गेलात ते सांगा. ते हसले. मग नीट सगळं सांगितलं, वर्गाचा रंगसुद्धा.

'पाहिलं'मध्ये टाकलं. व.ताईंना विचारलं, दुसऱ्याने पाहिलेलं चालेल का? म्हणाल्या, ज्याचं पोर आत गेलंय त्याचं चालेल.

२ जून, सोमवार

अर्धी रजा. दोघं मिळून खुलासा द्यायला गेलो. इकबालने पांढरा शर्ट घातला होता, मुलाखतीला जावं तसा. पत्र त्याने स्वतः लिहिलं होतं, पाऊण पान. व्यवसाय नाही, फी नाही, कुणाची माहिती साठवत नाही. लोक विचारतात, आम्ही पत्ता सांगतो.

खिडकीवरचा क्लार्क वयस्कर. पत्र वाचून म्हणाला, ठीक आहे, पण सोबत हा फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना: तक्रारीत नमूद केलेल्या कामाची सद्यःस्थिती. त्याने पेनचं टोक तिथं ठेवून सांगितलं, इथं 'बंद' लिहा. आज फाइल मिटते. नाहीतर ती वर जाते, सुनावणी लागते, आणि वर गेलेल्या फायलीचं मी काही सांगू शकत नाही. त्याला आमचं भलंच व्हायला हवं होतं, हे दिसत होतं.

मागे रांग होती. इकबालने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं: चालू आहे.

क्लार्कने चष्मा वर करून वाचलं. मॅडम, एकदा शिक्का मारला की बदलता येत नाही, म्हणाला.

मी म्हटलं, "मारा."

इकबालने खाली सही केली. नेहमी आद्याक्षरं टाकतो, आज पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. शिक्का बसला. पोच मिळाली. सुनावणीची तारीख डाकेने कळवतील. कधी, विचारलं. काही सांगता येत नाही.

बाहेर लूचा भाजणारा वारा चालला होता. बसस्टॉपवर सावली नव्हती. इकबाल म्हणाला, सातच्या आत घरी पोचायला हवं, फोन सुरू होतील. रिक्षा केली.